रेघ वर गेली म्हणजे

“ईसीजी नॉर्मल आहे” हे ऐकलं की नातेवाइकांचे चेहरे सैल होतात. माझा होत नाही. तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून बरीच वर्षं काढल्यावर हे वाक्य मी तोंडातून काढायचंच सोडलं आहे. “आत्ता काढलेल्या ईसीजीत काही दिसत नाही,” असं मी म्हणते. ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते. वाटू दे. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं आणि त्या गुलाबी चौकटींच्या कागदावर त्यातले दहा-बारा उमटतात. जेमतेम दहा सेकंदांची नोंद. हृदयविकाराचा झटका मात्र तासन्‌तास चालतो. तो थांबत थांबत येतो, मध्येच मागे फिरतो, पुन्हा येतो. आपण कागद काढला तेव्हा तो कुठल्या पायरीवर होता, हे एकट्या कागदाला विचारून कळत नाही.

कागदाचं गणित सोपं आहे. तो सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. आडवी एक बारीक चौकट म्हणजे ०.०४ सेकंद, पाच बारीक चौकटींची एक मोठी म्हणजे ०.२ सेकंद. उभ्या दिशेला १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पी ही छोटी टेकडी हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, क्यूआरएस हा सुळका खालच्या कप्प्यांचा, आणि टी ही खालचे कप्पे पुन्हा सज्ज होतानाची लाट. सुळका संपल्यापासून लाट सुरू होईपर्यंतचा जो सपाट तुकडा, तो एसटी. झटक्याचं निदान करताना सगळ्यांच्या नजरा याच तुकड्यावर खिळतात. तो मूळ रेषेच्या वर उचलला गेला असेल तर धावपळ सुरू होते. एमबीबीएसला आम्हाला शिकवलं ते एवढंच : एसटी वर म्हणजे इन्फार्क्शन, रक्त तुटून स्नायू मरणं; खाली म्हणजे इस्केमिया, रक्त कमी पडणं. परीक्षेत पास व्हायला तेवढं पुरलं.

पण वर म्हणजे कशाच्या वर? हा प्रश्न मला फार उशिरा पडला, आणि उत्तर वाचलं तेव्हा मी त्या पानावर बराच वेळ अडकले. हृदयाच्या स्नायूतली निरोगी पेशी विश्रांतीत असताना आतून बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ९० मिलिव्होल्टवर असते. रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांतच पेशीतली ऊर्जा आटते, पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं आणि विश्रांतीतसुद्धा ती पेशी धड विश्रांतीत राहत नाही. तिचा आणि शेजारच्या धडधाकट पेशीचा विद्युतदाब वेगळा पडतो, आणि दोघींमध्ये एक प्रवाह सतत वाहू लागतो. त्यामुळे खरं तर दोन ठोक्यांमधली विश्रांतीची रेषाच खाली ढकलली जाते. ठोका पडला की सगळ्या पेशी जवळजवळ एका पातळीला येतात आणि फरक मिटतो. पण यंत्राला खरं शून्य कुठे आहे ते ठाऊक नसतं. ते विश्रांतीच्या रेषेलाच शून्य धरतं आणि आपल्याला दिसतं की एसटी वर गेली. म्हणजे ज्या उंचावलेल्या रेघेवरून आम्ही निदान करतो, ती बऱ्याच अंशी खचलेल्या जमिनीवरून मोजलेली उंची असते.

तेव्हापासून ईसीजी वाचताना मी आधी ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारते. या लीडची (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याचा एक कोन) शेजारच्या लीडशी, समोरच्या लीडशी, पंधरा मिनिटांनी काढलेल्या कागदाशी आणि दोन वर्षांपूर्वीच्या कागदाशी तुलना. उरलेलं बहुतेक सगळं याच प्रश्नाच्या पोटात बसतं.

हे सगळं दिसायला लागलं तो काळही गमतीचा आहे. १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची विद्युत नोंद शरीराच्या पृष्ठभागावरून पहिल्यांदा घेतली. त्यांचा जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्यात पाय बुडवून प्रात्यक्षिकांना उभा राहायचा. पुढे नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइन्थोव्हेन यांनी तारेचा गॅल्व्हानोमीटर, म्हणजे अगदी बारीक विद्युतप्रवाह मोजणारं यंत्र, बनवला. त्या यंत्राचं वजन २७० किलोच्या आसपास होतं, दोन खोल्या लागायच्या आणि चालवायला पाच माणसं. रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. हॉस्पिटल दीड किलोमीटरवर, आणि यंत्र काही हलवता येईना. मग त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून रुग्णाचे ठोके प्रयोगशाळेत मागवले. आज आमच्याकडचा रात्रपाळीचा डॉक्टर व्हॉट्सॲपवर ईसीजीचा फोटो पाठवतो तेव्हा मला हे आठवतं. १९२४ चं नोबेल आइन्थोव्हेन यांना मिळालं.

रक्तवाहिनी बंद पडल्यावर एसटी उचलली जाते, हे माणसाच्या बाबतीत नीट नोंदवलं हॅरॉल्ड पार्डी यांनी, १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये. त्याआधी शिकागोत फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या हृदयवाहिन्या बांधून असेच बदल पाहिले होते. पार्डींकडे फक्त तीन लीड होत्या. छातीवरच्या सहा लीडच्या जागा ठरल्या १९३८ मध्ये. आणि निदान करून तरी काय उपयोग? उपचार म्हणजे आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहणं. त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे हृदयवाहिनीतली रक्ताची गुठळी हे झटक्याचं कारण की परिणाम, यावर १९७० च्या दशकातही वाद चालू होता. १९८० मध्ये डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या काही तासांतच अँजिओग्राफी करून दाखवलं की चार तासांच्या आत पाहिलेल्या बहुसंख्य रुग्णांमध्ये, शंभरातल्या ८७ जणांमध्ये, वाहिनी पूर्ण बंद असते. पार्डींच्या कागदानंतर साठ वर्षांनी! मग १९८६ मध्ये इटलीतल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा फायदा सिद्ध केला, आणि रेघ वर गेली की घड्याळाकडे बघायचं, हा आजचा नियम जन्माला आला.

बारा लीड म्हणजे काय, हे मी नर्सिंगच्या मुलींना गणपतीच्या मिरवणुकीवरून सांगते. मिरवणूक एकच. चौकाकडच्या गच्चीवरून ती आपल्याकडे येताना दिसते, मागच्या गल्लीतून तिची पाठ दिसते, आणि मधल्या माडीवरून ती फक्त आडवी जाताना दिसते. लीडकडे येणारी विद्युतलहर कागदावर वर उमटते, दूर जाणारी खाली. लीड टू, थ्री आणि एव्हीएफ खालून बघतात, म्हणजे हृदयाची डायफ्रामवर टेकलेली बाजू. व्ही-वन ते व्ही-फोर समोरून बघतात. लीड वन, एव्हीएल, व्ही-फाइव्ह, व्ही-सिक्स डाव्या अंगाने. बिचारी एव्हीआर उजव्या खांद्यावरून सगळ्यांच्या पाठी बघत असते म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण इतर बऱ्याच लीडमध्ये एसटी खाली गेलेली आणि एकट्या एव्हीआरमध्ये वर आलेली दिसली, तर डावी मुख्य वाहिनी किंवा तिन्ही वाहिन्या धोक्यात असू शकतात.

यातून एक नियम आपसूक निघतो. एका गच्चीवरून रेघ वर दिसली तर समोरच्या गच्चीवरून ती खाली दिसायला हवी. अशी जोडी सापडली की माझी शंका खात्रीकडे झुकते. आणि कधी कधी आधी उलटं प्रतिबिंबच दिसतं, मूळ चित्र नंतर.

नावगाव बदलून एक हकिकत सांगते. ऊसतोडीचा हंगाम होता. पन्नाशीचे एक गृहस्थ पहाटे मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून आले. हात छातीवर नव्हता, पोटाच्या वरच्या भागावर होता. “पित्त चढलंय बाई. रात्री मटण झालं.” घरी सोडा, ओवा, गुलाबी औषधाचा अर्धा कप सगळं होऊन गेलेलं. दोनदा उलटी. कपाळावर घाम, नाडी मिनिटाला बावन्न. पोटदुखीत घाम फुटून नाडी मंद झाली की मी पोट सोडून हृदयाकडे वळते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पित्ताची सोंगं अगदी हुबेहूब वठवतो.

पहिला ईसीजी काढला. यंत्राने वर छापलं : नॉर्मल. टू, थ्री, एव्हीएफमध्ये एसटी कुठे अर्धा मिलिमीटर असेल-नसेल. फक्त एव्हीएलमध्ये टी उलटी आणि एसटी जराशी दबलेली. एव्हीएल वरून डावीकडून बघते, लीड थ्री खालून उजवीकडून. दोघी एकमेकींच्या जवळजवळ समोर. खालच्या भिंतीवरचं संकट कधी कधी एव्हीएलमध्ये आधी उमटतं. मुलाने विचारलं, “नॉर्मल आलाय ना? मग सलाइन लावून सोडा की.” मी म्हटलं, “पंधरा मिनिटं थांबा, परत काढू.” अ‍ॅस्पिरिन चावायला दिली. इलेक्ट्रोड काढू नका, असं सिस्टरना बजावलं. जागा बदलली की तुलनाच संपते.

दुसऱ्या कागदावर लीड थ्रीमध्ये रेघ तीन मिलिमीटर वर होती, टूमध्ये दोन. थ्रीतली उंची टूपेक्षा जास्त, म्हणजे संशय उजव्या हृदयवाहिनीवर. मग छातीच्या उजव्या बाजूला, व्ही-फोरच्या बरोबर आरशातल्या जागी, इलेक्ट्रोड लावून पुन्हा पाहिलं. तिथेही रेघ वर. हृदयाचा उजवा खालचा कप्पाही ओढला गेला होता. एवढ्यात मोठ्या भावाने खिशातून जिभेखालची गोळी काढली, “ही देऊ का? आमच्या आबांना दिली होती.” मी जवळजवळ ओरडलेच. ती गोळी वाहिन्या सैल करते, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. उजवा कप्पा आधीच लंगडत असताना रक्तदाब कोसळू शकतो. आपल्याकडे ती गोळी घरोघरी असते आणि छातीत कळ आली की कुणीही कुणालाही देतं. सद्‌भावना मला समजते, पण ईसीजी आणि रक्तदाब बघितल्याशिवाय ती देऊ नये, हे मी दिसेल त्याला सांगत असते.

आमच्या गावापासून कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायची जागा, रस्ता मोकळा असला तर अडीच तासांवर. उसाच्या ट्रॅक्टरांच्या दिवसांत किती, ते विचारू नका. एकशेवीस मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, प्रवास नंतर, हा नियम आमच्यासारख्या ठिकाणी रोजचा. वजनाच्या हिशेबाने टेनेक्टेप्लेज दिलं. तासाभराने कळ ओसरली, मॉनिटरवर काही वेडेवाकडे ठोके धावून गेले (वाहिनी उघडताना ते बऱ्याचदा येतात, आणि नवख्या सिस्टरच्या तोंडचं पाणी पळतं), आणि दीड तासाने काढलेल्या कागदावर थ्रीमधली रेघ निम्म्याहून खाली आलेली होती. औषध लागू पडलं का, हे सांगणारी आमच्याकडची सगळ्यात स्वस्त खूण तीच. मग त्यांना अँजिओग्राफीसाठी अ‍ॅम्ब्युलन्सने शहरात रवाना केलं.

खरं सांगायचं तर ईसीजी चुकीचा वाचला जाण्याआधी तो चुकीचा काढला जातो. बायकांच्या बाबतीत तर सर्रास. व्ही-वन आणि व्ही-टूची जागा चौथ्या फासळीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना. पण पडदा नीट लागत नाही, खोलीत वॉर्डबॉय असतो, ब्लाउजची वरची दोन बटणंच सुटतात, आणि इलेक्ट्रोड दोन फासळ्या वर जाऊन बसतात. तेवढ्यानं व्ही-वन, व्ही-टूमधला आर, म्हणजे क्यूआरएसमधला वर जाणारा सुळका, खुजा होतो आणि कागद समोरच्या भिंतीच्या जुन्या झटक्याची बतावणी करतो. नाहीतर खरा बदल लपवतो. बाईला लाज वाटते हे मला मान्य. ती लाज सांभाळायची जबाबदारी पडद्याची, इलेक्ट्रोडच्या जागेची नाही. त्यातच बायकांचं दुखणं जबडा, पाठ, थकवा, मळमळ असल्या रूपात येतं, “घरातलं टेन्शन असेल” असं म्हणणारे घरात चार जण असतात, आणि व्ही-टू, व्ही-थ्रीमध्ये बायकांसाठी एसटीची मर्यादाही वेगळी : दीड मिलिमीटर. चाळिशीपुढच्या पुरुषांसाठी दोन. हातांच्या तारांची अदलाबदल हा आणखी एक नित्याचा खेळ. लीड वन अख्खी उलटी दिसली की आधी तारा बघाव्यात, रुग्णाला नंतर घाबरवावं.

उलट, काही कागद आरडाओरडा करतात आणि आत काहीच नसतं. तालमीतल्या पोरांच्या छातीच्या लीडमध्ये एसटी मजेत दीड-दोन मिलिमीटर वर असते. तो त्यांचा स्वभावच. हृदयावरच्या आवरणाला सूज आली तर रेघ जवळपास सगळीकडे उचलली जाते, समोरच्या गच्चीवर उलटं प्रतिबिंब मात्र नसतं. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जाड झालेला स्नायू, हृदयातल्या विद्युतमार्गाच्या डाव्या शाखेचा अडथळा, जुन्या झटक्यानंतर फुगलेली भिंत हे सगळे सोंगाडेच. यंत्र वर “अ‍ॅबनॉर्मल” छापतं, नातेवाईक ते मोठ्याने वाचतात आणि कॉरिडॉरमध्ये रडारड सुरू होते. त्या छापील ओळीवर मी हात ठेवूनच कागद वाचते.

मला सगळ्यात भीती वाटते ती बऱ्या वाटणाऱ्या माणसाची. १९८२ मध्ये डच हृदयतज्ज्ञ हाइन वेलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण वर्णन केले, ज्यांना छातीत दुखून गेलेलं असतं, आता दुखत नसतं, आणि व्ही-टू, व्ही-थ्रीमध्ये टी खोल उलटी किंवा अर्धी वर, अर्धी खाली अशी दिसते. एसटी जवळजवळ सपाट. समोरून उतरणारी डावी मोठी वाहिनी उगमाजवळ भयंकर अरुंद झालेली असते. गुठळीने ती बंद होऊन पुन्हा उघडलेली असते, म्हणून तर बरं वाटतंय. गंमत अशी की दुखत असताना काढलेला कागद कधी कधी जास्त सुधारलेला दिसतो. अशा माणसाला ट्रेडमिलवर पळवायचं नाही, तडक अँजिओग्राफीला पाठवायचं. पण हसत-बोलत बसलेल्या, चहा मागणाऱ्या माणसाला “तुम्ही आज घरी जायचं नाही” हे पटवून देणं इंजेक्शन देण्यापेक्षा अवघड. “डॉक्टर बिल वाढवतात” ही शंका डोळ्यांत स्पष्ट दिसते. मी आता वाद घालत नाही. दोन कागद शेजारी ठेवते, बोट ठेवून फरक दाखवते. बहुतेकांना तो दिसतो. शाळेत भूमितीत नापास झालेल्यांनाही दिसतो.

आणि काही झटके या बारा जागांवरून दिसतच नाहीत. हृदयाच्या मागच्या भिंतीसमोर एकही लीड नाही. तिथला झटका व्ही-वन ते व्ही-थ्रीमध्ये उलटा, म्हणजे दबलेली एसटी आणि उंच आर, असा दिसतो. “नुसता इस्केमिया आहे” म्हणून तो बाजूला पडू शकतो. पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली इलेक्ट्रोड लावले की तिथे अर्धा मिलिमीटर उंचीसुद्धा पुरते. रुग्णाला कुशीवर वळवायचा कंटाळा हे निदान हुकण्याचं कारण असू नये. कागद कोराच राहिला तरी रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, काही तासांनी बोलतं. तेही एकदा तपासून भागत नाही. वाढतंय का, ते बघावं लागतं.

वेळेबद्दल एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. ‘क्रिएट’ या भारतीय नोंदवहीत ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांची माहिती होती. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला लागलेला मध्यक वेळ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला ३६० मिनिटं, आणि दवाखान्यात पोचल्यावर गुठळीचं औषध सुरू व्हायला ५०. बंद वाहिनीमागचा स्नायू आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे मरत जातो आणि सहा तासांत बराचसा संपतो. म्हणजे आम्ही पन्नास मिनिटांवर चर्चासत्रं भरवतो आणि खरा स्नायू घरी, सोडा-ओव्यात, “सकाळपर्यंत बघू” मध्ये गेलेला असतो. छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा बेंबीच्या वर दडपल्यासारखं होतंय आणि घाम येतोय, तर १०८ ला फोन करायचा. शेजारच्या कंपाउंडरला नाही.

ईसीजी यंत्रांची घड्याळं हमखास चुकलेली असतात. बॅटरी उतरली की काही यंत्रं कुठल्या तरी जुन्या सालातल्या पहिल्या तारखेला जाऊन बसतात. म्हणून आमच्याकडे प्रत्येक कागदावर पेनाने वेळ लिहायची, आणि त्या क्षणी दुखत होतं की नव्हतं तेही लिहायचं. “६.१०, दुखतंय.” “६.२५, कमी.” या चार अक्षरांशिवाय तुलना होत नाही.

झटका येऊन गेलेल्या माणसाच्या कागदावर बहुधा क्यू ही खोल खाच राहते, टी काही काळ उलटी असते, कधी एसटी थोडी वरच राहून जाते. आता तोच त्याचा नेहमीचा कागद. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरपुढे तो पडला तर ही खाच जुनी की आजची, हे जुन्या कागदावरूनच कळणार. म्हणून मी सगळ्यांना सांगते, जपून ठेवा. पण तो थर्मल कागद. प्लॅस्टिकच्या पिशवीत, उन्हात, कपाटात दोन-तीन वर्षांत फिका पडून कोरा होतो. झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, असं सांगूनही लोक आपल्या परीने काळजी घेतातच. ते मटणवाले गृहस्थ तपासणीला आले तेव्हा पिशवीतून कडक, चकचकीत काहीतरी काढून त्यांनी अभिमानाने टेबलावर ठेवलं. “लॅमिनेशन केलं बाई. आता जलमभर ऱ्हातंय बघा.” लॅमिनेशनच्या उष्णतेने अख्खा थर्मल कागद काळाकुट्ट झाला होता, चारी कडांपर्यंत. नशीब, मुलाच्या मोबाइलमध्ये त्या पहाटेच्या दोन्ही कागदांचे फोटो होते. ते मी माझ्या नंबरवर मागवून घेतले आणि नवा ईसीजी काढायला सिस्टरना हाक मारली.